ह्वान, हवन की व्हान?

बोरूताई: १९५०च्या दशकातल्या दक्षिण कोरियातल्या आठवणींचा अनुवाद करतेय. पगार, भाडं, तांदूळ, सगळं 'ह्वान'मध्ये. मुद्रितशोधकांनी सरसकट 'हवन' केलंय. 'आईने पाचशे हवन उसने आणले' असं वाक्य झालंय! सरळ 'वॉन' लिहू का?

खडीसाखर: वॉन नको, हिशेब बिघडेल. फेब्रुवारी १९५३मध्ये १०० वॉनचा १ ह्वान झाला आणि जून १९६२मध्ये १० ह्वानचा १ वॉन. ५० आणि १०० ह्वानची नाणी तर पुढे १९७५पर्यंत ५ आणि १० वॉन म्हणून चालली.

तिरपागडे: पण १९५३ साली अमेरिकेतून छापून आलेल्या नोटांवर इंग्रजीत 'वॉन'च होतं. त्यांच्या सरकारला चाललं, तुम्हाला का खुपतंय?

टेकडीवरचा: ह्वान म्हणजे आपला होन. समुद्रमार्गे गेला असणार.

खडीसाखर: होन कानडी 'होन्नु'वरून, म्हणजे सोनं. ह्वानच्या चिनी अक्षराचा अर्थ गोल. युआन, येन, वॉन सगळे त्याच कुळातले. चांदीचे गोल स्पॅनिश डॉलर तिकडे चालायचे, त्यावरून.

टेकडीवरचा: होन काय चौकोनी होता?

दमडीमामा: भोक मात्र चौकोनी असायचं, जुन्या 'मुन' नाण्यांना. शंभर मुनांचा एक न्यांग. 'हजार न्यांगचं कर्जही एका शब्दाने फिटतं' अशी म्हण आहे त्यांच्यात. माझी सून कोरियन मालिका बघते, त्यात भिकारी 'हान फुन' मागतो. हा फुन म्हणजे मुनच, आपली दमडी. ताई, म्हण आली तर न्यांगच ठेवा, 'हजार होन' करू नका.

तिरपागडे: मराठी जिभेला 'ह्व' वळतच नाही. जिह्वाची आपण जिव्हा केली. 'व्हान' लिहा.

शुद्धमती: म्हणूनच लोक 'आव्हान' लिहितात. मूळ शब्द आह्वान आहे, त्यात ह्वान आयताच बसलाय!

तिरपागडे: मराठीत आव्हान रुळलंय. संस्कृतात आह्वान म्हणजे बोलावणंही आणि दंड थोपटणंही.

शुद्धमती: बोलावण्याला आवाहन आहे.

तिरपागडे: मग दोन्ही शब्द वेगळे राहिले ते 'आव्हान'मुळेच ना?

बोरूताई: मंडळी, सोमवारी अंक छपाईला जातोय.

शुद्धमती: छपाई नव्हे, मुद्रण.