प्रेमकथेतला आजार शेवटच्या पानापर्यंत टिकावा का?

धागाकर्ती (दापोली): आपल्या प्रेमकथांत दीर्घ आजाराला दोनच वाटा असतात. नायिका खोकत खोकत जाते, नाहीतर लग्नाआधी खडखडीत बरी होते. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्येच सापडले, तरी कथेतला खोकला काही थांबला नाही. माझे मत असे, की टाइप वन मधुमेहासारखा जन्माचा सोबती झालेला आजार कथेतही तसाच राहावा आणि प्रेम त्याच्या रोजच्या उठाठेवीतून दिसावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकले, त्यानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते आणि फ्रीज तर बंद. तेव्हा मडक्याभोवतीची वाळू दिवसातून चार वेळा भिजवून बायकोच्या कुप्या गार ठेवणारा शेजारी मी पाहिला. मला एवढी प्रेमकथा पुरते.

प्रतिसाद (वेंगुर्ले): मला पुरत नाही. बारा वर्षे आमवात आहे. सकाळी तासभर बोटे मिटत नाहीत आणि विळीवर नारळ खवणे तर कधीच सुटले. हे विसरण्यासाठीच मी रात्री कथा उघडते, तिथेही औषधाच्या वेळा कशाला? शिवाय तुमच्या कथेत नवरा देवमाणूस ठरला. बायको काय म्हणाली, ते कुठे आहे?

धागाकर्ती: ते मी गाळले, हे खरे. ओलीने कुप्यांवरची लेबले सुटली; जेवणाआधीचे आणि रात्रीचे, दोन्ही इन्शुलिन पाण्यासारखी स्वच्छ, त्यामुळे कोणते कुठले ते कळेना. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

प्रतिसाद (रत्नागिरी): मग कथा तिथून सुरू करा! आमवातावरचे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात, पण मूल हवे असेल तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच बंद करावे लागते, आणि बंद केल्यावर सांधे पुन्हा धरण्याची भीती असते. म्हणजे ज्या रात्रीवर आपले लेखक चंद्र आणि समुद्र टाकून मोकळे होतात, तिच्याआधी अशा जोडप्याला काही महिने विचार करावा लागतो. त्या बोलण्यात शृंगार नाही, असे कोण म्हणेल?

प्रतिसाद (वेंगुर्ले): मी म्हणणार होते. पण असे कुणी लिहिले, तर औषधाच्या वेळांसकट वाचीन. फक्त तिला शेवटी बरी करू नका, आणि त्याला हारही घालू नका.