आई बाबांचं सगळं करते, पण आता तीच गप्प गप्प झालीये

कृष्णाकाठ_७९
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या. आई ६८ ची, बाबा ७४, कराडला दोघंच असतात. दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही तुटक झालं. तेव्हापासून अंघोळ, डायपर, दर दोन तासांनी कूस बदलणं, सगळं आईच करते. ब्युरोची बाई लावून दिली होती तर आठ दिवसांत घालवली, म्हणे तिला नीट पुसता येत नाही. मी पुण्यात, शनिवार-रविवार जातो.
गेले चार महिने आई वेगळीच वाटतेय. रडत वगैरे नाही हो, उलट चिडते. पाठ दुखते, छातीत भरून येतं, पोट साफ होत नाही हेच चालू असतं. पहाटे ३ ला उठून बसते. सात किलो वजन उतरलंय. टीव्ही लावते पण आवाज बंद. रोजचा हरिपाठ बंद, भिशी सोडली. परवा आमटीत मीठच नव्हतं आणि तिला ते कळलंही नाही. गावातले डॉक्टर म्हणाले वयाचं आहे, झोपेची गोळी लिहून दिली. अमेरिकेतला भाऊ म्हणतो तिला मेडिटेशनचं ॲप घेऊन दे (तिला व्हॉट्सॲपवर फोटो उघडत नाही, असो). मी विचारलं तर म्हणाली, मला काय धाड भरलीये. पण मागच्या रविवारी भांडी घासता घासता बोलून गेली, देवाने एकदाचं उचलावं. हे डिप्रेशन असेल का? की विसरायला लागलीये?

चहा_कमी_साखर
अगदी आमच्या दादांची, म्हणजे सासऱ्यांची, गोष्ट वाचतेय असं वाटलं. सासूबाई गेल्यावर दादांचं पोट सुरू झालं, म्हणजे पोटाची तक्रार. सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली, सगळं नॉर्मल, तरी रोज सकाळी तेच रडगाणं. शेवटी एका फिजिशियननेच सांगितलं की मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. दादा म्हणाले मी वेडा नाही. मग आम्ही झोपेचे डॉक्टर म्हणून नेलं, खोटं बोललो त्याचं वाईट वाटतं अजून, पण नेलं. गोळ्या सुरू केल्या आणि तीन आठवडे ढिम्म फरक नाही, दादा म्हणाले बंद करा ही थेरं. आम्ही रेटलं. पाचव्या आठवड्यात एक दिवस जेवताना माझ्यावर ओरडले, आमटी पाणचट झालीये. सुनेला ओरडा खाऊन इतका आनंद झालेला मी तरी दुसरा बघितला नाही. त्यामुळे लगेच गुण नाही आला तर सोडू नका.

निवृत्त_मास्तर
राग मानू नका, पण आमच्या आईने आजोबांचं नऊ वर्षं केलं, तेव्हा नव्हतं डिप्रेशन नि बिप्रेशन. नामस्मरणात मन रमवावं.

ओपीडी_नंबर_७
मास्तर, नामस्मरण करणारीच बाई आहे ती. तिचा हरिपाठ बंद पडलाय, तिथेच तर पाणी मुरतंय. तुमच्या आईला कुणी विचारलं होतं का कधी?
कृष्णाकाठ दादा, मी सरकारी दवाखान्याच्या मानसिक ओपीडीत नर्स आहे, डॉक्टर नाही, पण रोज हेच बघते. म्हातारी माणसं उदास वाटतं असं म्हणत नाहीत, त्यांचं सगळं अंगावर निघतं. आधी रक्त तपासून घ्या, थायरॉईड, बी१२, हिमोग्लोबिन, कारण ह्यांच्या गडबडीतसुद्धा माणूस असाच मलूल होतो. वजन उतरलंय म्हणून फिजिशियनला पण दाखवा. आमच्याकडे वयस्कांसाठी १५ हो-नाही प्रश्नांची एक यादी वापरतात, त्यात झोप, भूक, दुखणं हे मुद्दाम विचारत नाहीत, कारण ह्या वयात ते तसंही बिघडलेलं असतं. विचारतात काय, तर आयुष्य रिकामं वाटतं का, घराबाहेर पडावंसं वाटतं का, असं. पाचच्या वर उत्तरं उदासीकडे झुकली की पुढे तपासतात.
विसरण्याचं म्हणाल तर, ज्याची स्मृती खरंच जातेय तो बरेचदा काहीतरी ठोकून देतो, झाकायला बघतो. उदासीत माणूस मला नाही माहीत म्हणून मोकळा होतो, मलाच काही आठवत नाही अशी स्वतःच तक्रार करतो. अर्थात दोन्ही एकत्रही असतं, ते डॉक्टरच ठरवतील. झोपेच्या गोळीवर ह्या वयात तोल जातो, पहाटे बाथरूमला जाताना पडतात, पण बरेच दिवस घेत असतील तर एकदम थांबवू नका, विचारून कमी करा. उदासीच्या गोळ्या सुरू झाल्या तर रक्तातलं सोडियम तपासायला सांगतील, ह्या वयात ते कधी कधी उतरतं, कंटाळा करू नका.
आणि उचलावं म्हणाल्या ते हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, जिवाचं काही करावंसं वाटतं का. विचारल्याने डोक्यात भरतं हा गैरसमज आहे. बाबांच्या गोळ्यांचा साठा आईच्या हाताशी नको. हो म्हणाल्या तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना. टेली-मानसचा १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात, तुम्ही स्वतःसाठीही लावा.

चहा_कमी_साखर
+१. आणि त्या ब्युरोच्या बाईला परत बोलवा. आई नाही म्हणणारच, नवऱ्याचं दुसऱ्या बाईने केलं तर आपण कमी पडलो असं वाटतं त्यांना. दिवसाची नको, फक्त रात्रीची म्हणा, झोप तरी होईल.

कृष्णाकाठ_७९
सगळ्यांना धन्यवाद, थोडं उशिरा लिहितोय. शनिवारी ओट्यापाशी उभा राहून विचारलं एकदाचं, माझेच हात थरथरत होते. आई बराच वेळ कढीपत्ता निवडत राहिली, मग म्हणाली, एकदा आलं होतं मनात, पण म्हटलं ह्यांची कूस कोण बदलणार. मला पुढे काही बोलताच आलं नाही. त्याच दिवशी गाडीत घालून साताऱ्याला दाखवलं, गोळी सुरू झालीये, रिपोर्टमध्ये बी१२ पण कमी निघालं. आता दोन आठवडे मी इथेच, लॅपटॉप घेऊन. गोळ्यांचा डबा शेजारच्या काकूंकडे ठेवलाय, एका दिवसाचं तेवढं घरात. रात्रीची बाई कालपासून येतेय. झोपायचं सोडून आई तिच्या शेजारी बसली होती, पाठीकडून पुढे नाही, असं पुसायचं, असं, म्हणून दाखवत होती. चांगलीच चिडलेली.