मदत हवी आहे : 'दिवट्या छत्री घोडे' या अभंगाचा अर्थ

समूहातील जाणकारांना नमस्कार. येत्या एकादशीला आमच्या वाचक मंडळात तुकोबांच्या एका अभंगावर मला बोलायचे आहे आणि दोन ठिकाणी मी अडलो आहे.

छत्रपती शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा परत करताना तुकोबांनी हा अभंग म्हटला, असे परंपरा सांगते. 'दिवट्या छत्री घोडे । हे तो बऱ्यात न पडे' (मशाली, छत्र, घोडे यांत काही हित नाही) अशी त्याची सुरुवात आहे, आणि पुढे 'मान दंभ चेष्टा । हे तो शूकराची विष्ठा' असा घाव येतो. आजीच्या जीर्ण गाथेत याच ओळीखाली पेन्सिलीची रेघ आहे, म्हणून ती मला फार जवळची वाटते.

पहिली शंका 'चेष्टा' या शब्दाची. आज आपण तो थट्टा या अर्थाने वापरतो, पण येथे वागण्यातला डौल, मोठेपणाचे हावभाव असा अर्थ घ्यावा, असे मला वाटते. वारकरी संप्रदायाच्या निरूपणात तो कसा लावतात?

दुसरी शंका मला अधिक छळते. 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता' असे म्हणून लोकमान्यता बाजूला सारणारा हा कवी जवळजवळ प्रत्येक अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' अशी नाममुद्रा ठेवतो. ती केवळ रचनेची रूढी मानावी, की आपल्या शब्दांची जबाबदारी स्वतःवर घेणारी साक्ष? मी दुसऱ्या अर्थाकडे झुकतो, परंतु श्रोत्यांपुढे ठामपणे मांडण्याइतका आधार माझ्याकडे नाही. कोणी कीर्तनकार किंवा संतसाहित्याचे अभ्यासक असतील, तर त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.