‘तुझे तेज मला दाखव’: प्रकट झालेले गौरव म्हणजे नेमके काय?

ओंजळ (धागाकर्ता)

सप्रेम नमस्कार. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या ३३व्या अध्यायात इस्राएल लोकांचा पुढारी मोशे देवापाशी एक मागणे करतो, ‘तुझे तेज मला दाखव’. हे मागणे करणाऱ्या माणसाने तोवर जळूनही भस्म न होणारे झुडूप पाहिले आहे, समुद्र दुभंगताना पाहिला आहे, आणि सिनाय पर्वतावरच्या ढगात शिरून तो चाळीस दिवस राहून आला आहे. एवढे सगळे पाहूनही ज्याला ‘अजून दिसले नाही’ असे वाटते, त्याला हवे असलेले तेज डोळे दिपवणाऱ्या प्रकाशाहून निराळे असले पाहिजे. देवाचे उत्तरही तसेच आहे. आपले सारे चांगुलपण तुझ्यापुढून नेईन आणि माझ्या नावाची घोषणा करीन, असे तो म्हणतो. मोशेला खडकाच्या कपारीत उभे केले जाते, त्याच्यावर हात धरला जातो, मुख दिसत नाही, फक्त पाठ दिसते. आणि पुढच्या अध्यायात त्याच्या पदरात जे पडते ते दृश्य नसून एक वाक्य आहे: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, दया व सत्य यांनी संपन्न.

मूळ हिब्रू शब्द ‘काबोद’ असा आहे आणि त्याच्या धातूचा अर्थ जडपणा, वजन. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या ४थ्या अध्यायात हे फार जवळून दिसते. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या सान्निध्याची खूण असलेली पवित्र पेटी, शत्रूने नेल्याची बातमी ऐकून वृद्ध याजक एली वेशीजवळच्या आसनावरून मागे कोसळतो आणि मान मोडून मरतो, कारण तो ‘म्हातारा व जड’ होता. बातमी ऐकताच प्रसूत झालेली त्याची सून मुलाचे नाव ईखाबोद ठेवते, कारण इस्राएलातून काबोद निघून गेले. आजोबांचे ‘जड’ असणे आणि नातवाच्या नावातले हरवलेले ‘काबोद’ या दोन्ही शब्दांचा धातू एकच आहे. मराठी बायबलात हा शब्द कुठे तेज, कुठे वैभव, तर कुठे गौरव असा येतो. त्यांतला ‘गौरव’ मला सर्वांत नेमका वाटतो, कारण ‘गुरु’ म्हणजे जड, आणि गौरव हे त्याचेच भाववाचक नाम. तेज दिसते, गौरवाचे वजन जाणवते.

माझे म्हणणे असे की, ख्रिस्ती विश्वासात देवाचे गौरव प्रकट झाले म्हणजे देव मुळात कसा आहे हे उघड झाले, आणि ते सर्वांत स्पष्टपणे क्रूसावर झाले. ‘आम्ही त्याचे गौरव पाहिले’ असे योहानाचे शुभवर्तमान पहिल्याच अध्यायात सांगते, पण डोंगरावरच्या रूपांतराची घटना, म्हणजे शिष्यांसमोर येशूचे रूप पालटून तेजस्वी झाल्याचा प्रसंग, मात्र त्यात नाही. मग गौरव पाहिले ते कुठे? १२व्या अध्यायात ‘मनुष्याच्या पुत्राचे गौरव होण्याची वेळ आली आहे’ असे येशू स्वतःविषयी म्हणतो आणि लगोलग मातीत पडून मरणाऱ्या गव्हाच्या दाण्याविषयी बोलतो. १३व्या अध्यायात येशूला धरून देणारा शिष्य यहूदा घास घेऊन बाहेर पडतो, ‘तेव्हा रात्र होती’ एवढेच लेखक नोंदवतो, आणि त्याच क्षणी येशूचे शब्द येतात: ‘आता मनुष्याच्या पुत्राचे गौरव झाले आहे’. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५१८ च्या एप्रिलमध्ये हायडेलबर्ग येथील वादसभेत याच मुद्द्यावर बोट ठेवले होते. देवाला त्याच्या सामर्थ्याच्या झगमगाटात शोधणारा तो ‘गौरवाचा धर्मशास्त्री’, आणि दुःखात व क्रूसात दिसलेल्या देवाला ओळखणारा तो ‘क्रूसाचा धर्मशास्त्री’, असा भेद त्याने केला. मी दुसऱ्याच्या बाजूने उभा आहे. आपली मते, विशेषतः विरोधी मते, वाचायला आवडतील.

दीपस्तंभ

आपली मांडणी मनापासून वाचली, पण ती मान्य करता येत नाही. तिच्यात प्रकाश केवळ अलंकार होऊन बसतो. मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही रूपांतराची घटना सांगितली आहे, आणि तिथे हजर असलेल्या पेत्र या शिष्याच्या दुसऱ्या पत्रात तर ‘आम्ही चातुर्याने रचलेल्या कथांच्या मागे लागलो नाही, आम्ही त्याचे ऐश्वर्य प्रत्यक्ष पाहिले’ असे ठामपणे लिहिले आहे. ज्याने पाहिले तो ‘पाहिले’ म्हणतो, आणि आपण त्याला ‘तुम्हाला कळले असे म्हणायचे आहे का?’ असे विचारतो, हे मला न्यायाचे वाटत नाही.

हा वाद नवा नाही. चौदाव्या शतकात ग्रीसमधील ॲथॉस पर्वतावरचे प्रार्थनामग्न संन्यासी सांगत असत की, डोंगरावर शिष्यांना दिसलेला प्रकाश आजही शुद्ध अंतःकरणाच्या माणसाला दिसू शकतो. कॅलाब्रियाच्या बार्लाम या विद्वान संन्याशाने त्यांच्यावर टीका केली. त्याच्या मते तो प्रकाश निर्माण केलेला, क्षणिक, म्हणजे फार तर एक खूण होता. ॲथॉसच्याच संन्याशांपैकी ग्रेगरी पलामासने उत्तर दिले की, देवाचे सार कोणालाही कधीही कळणार नाही, पण देव आपल्या क्रियाशक्तींतून स्वतःच माणसापर्यंत येतो, आणि डोंगरावरचा प्रकाश ही अशी अनिर्मित, दैवी शक्ती होती. कॉन्स्टँटिनोपलमधील १३४१ आणि १३५१ च्या धर्मसभांनी पलामासची बाजू उचलून धरली आणि पूर्वेकडील चर्च आजही तेच शिकवते. या शिकवणीत एक बारकावा आहे जो मला अतिशय मोलाचा वाटतो: त्या दिवशी ख्रिस्त बदलला नाही, शिष्यांचे डोळे बदलले. तो नेहमीच तसा होता.

सिनाय पर्वताच्या पायथ्याशी संत कॅथरिनच्या मठात सहाव्या शतकातले रूपांतराचे मोझेक आहे. मधोमध पांढऱ्या वस्त्रातला ख्रिस्त, बाजूंना मोशे आणि एलीया संदेष्टा, खाली तीन शिष्य. ख्रिस्ताभोवतीचे प्रभावलय निळ्या पट्ट्यांचे असून ते मध्याकडे फिके होण्याऐवजी गडद होत जाते. जवळ जावे तसे अधिक अगम्य, हे कारागिराने काचेच्या तुकड्यांत सांगितले आहे. आणि ज्या मोशेला याच पर्वतावर मुख पाहायला मिळाले नव्हते, तो इथे त्या मुखाशेजारी उभा आहे. आपण म्हणता मोशेला वाक्य मिळाले. मग डोंगरावरून उतरताना त्याचा चेहरा कशाने झळकत होता? नुसत्या वाक्याने कोणाचा चेहरा झळकत नाही.

ओंजळ

आपला शेवटचा प्रश्न योग्य जागी लागला आहे. तरीही दोन गोष्टी नोंदवतो. ‘आपला चेहरा झळकत आहे हे मोशेला ठाऊक नव्हते’ असे निर्गमाच्या ३४व्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे. झळाळी देवाशी झालेल्या बोलण्याच्या मागून आली, ती मोशेने मागितलेली वस्तू नव्हती. दुसरे असे की, रूपांतराच्या वेळी मोशे आणि एलीया काय बोलत होते हे फक्त लूक सांगतो: यरुशलेमेत येशूचे जे ‘निर्गमन’ व्हायचे होते त्याविषयी, म्हणजे त्याच्या मरणाविषयी. त्या प्रकाशाच्या ऐन गाभ्यात क्रूसाचीच चर्चा चालू आहे. पेत्राला तिथेच तीन मंडप उभारून राहावेसे वाटते, आणि आपण काय बोलतो याचे त्याला भान नव्हते, असा शेरा लूक मारतो. प्रकाश खोटा होता असे मी म्हणत नाही. प्रकाशापाशीच मुक्काम ठोकणे ही पेत्राची चूक होती, एवढेच म्हणतो.

शब्दार्थी

मी ख्रिस्ती नाही, पण हे ग्रंथ आस्थेने वाचत आलो आहे, म्हणून थोडे परखडपणे विचारतो. आपण दोघेही सोयीची वचने निवडत आहात. निर्गमाच्या १४व्या अध्यायात इस्राएलांना गुलामीत ठेवणाऱ्या मिसरच्या राजाविषयी ‘फारो आणि त्याचे सैन्य यांच्याकडून मी आपला गौरव करून घेईन’ असे देव म्हणतो, आणि मग ते सैन्य समुद्रात बुडते. तिथे ना मंदक्रोध दिसतो, ना डोंगरावरचा सौम्य प्रकाश. शिवाय हिब्रू ‘काबोद’साठी ग्रीक भाषांतरकारांनी निवडलेल्या ‘दोक्सा’ या शब्दाचा जुना अर्थ मत किंवा लौकिक असा होता. ज्याला आपला लौकिक सिद्ध करण्यासाठी इतरांचा पराभव लागतो, अशा देवाची स्तुती करण्यात मला नैतिक अडचण वाटते. माणसाने असे केले तर आपण त्याला मानाचा भुकेला म्हणतो.

दीपस्तंभ

आपल्या आक्षेपाचे वजन मला जाणवते. त्यावर दुसऱ्या शतकातल्या इरेनेयस या बिशपचे एक वचन आठवते: जिवंत मनुष्य हे देवाचे गौरव आहे आणि देवाचे दर्शन हे मनुष्याचे जीवन आहे. मानाचा भुकेला दुसऱ्याकडून काढून घेतो. इथे उलट आहे, देवाच्या गौरवाने माणूस खुजा न होता पूर्ण होतो. सूर्य खिडकीतून आत आला म्हणजे त्याला घरातून काही न्यायचे असते असे नाही.

ओंजळ

फारोच्या प्रसंगाविषयी मी थोडे वेगळे सांगेन. त्याच कथेत फारोचे मन ‘जड’ झाले असे वारंवार म्हटले आहे आणि तिथेही काबोदाचाच धातू आहे. गुलामांना न सोडणारे एक वजन आणि गुलामांना सोडवणारे दुसरे वजन, असा तो सामना आहे. तरीही बुडालेल्या सैनिकांचे मरण या खुलाशाने हलके होत नाही, हे मी मान्य करतो. म्हणूनच निर्गमाच्या १४व्या अध्यायाचा अर्थ मी ३४व्या अध्यायाच्या प्रकाशात लावतो आणि दोन्हींचा अर्थ क्रूसापाशी उभा राहून लावतो. तिथे बुडवले जाणारा शत्रू नाही, मारला जाणारा पुत्र आहे. प्रेषित पौल करिंथकरांना (करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला) लिहितो की, या युगाच्या अधिकाऱ्यांना कळले असते तर त्यांनी ‘गौरवाच्या प्रभूला’ क्रूसावर दिले नसते. ‘गौरवाचा प्रभू’ आणि ‘क्रूस’ हे शब्द एका वाक्यात बसवणे त्या काळी किती धक्कादायक होते, याची कल्पना आपल्याला सहज येत नाही.

पायवाट

ही चर्चा सकाळपासून वाचत आहे आणि आता गप्प राहवत नाही. माझी धाकटी बहीण अकरा महिने अंथरुणाला खिळून होती. शेवटच्या आठवड्यात तिला पाणीही चमच्याने, थेंब थेंब द्यावे लागत होते, आणि त्याचाही तिला ठसका लागत असे. तेव्हा प्रार्थनेसाठी आलेल्या एका व्यक्तीने माझ्या हातातला चमचा थांबवून सांगितले की, हे दुःख म्हणजेच देवाचे गौरव प्रकट होणे आहे. ओंजळ, आपला हेतू तो नाही हे मला कळते. पण ‘गौरव क्रूसावर दिसते’ हे वाक्य विद्वानांच्या चर्चेतून खाटेपर्यंत पोहोचता पोहोचता असे होते, आणि ते मरणाऱ्या माणसावर लादले जाते.

पौल मात्र असे म्हणत नाही. रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायात तो म्हणतो की, सध्याची दुःखे पुढे प्रकट होणाऱ्या गौरवाच्या तुलनेत काहीच नाहीत. तुलना करायची तर दोन निरनिराळ्या वस्तू लागतात. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात तर तो सरळ तराजूच मांडतो: एका पारड्यात क्षणिक, हलके संकट, दुसऱ्यात गौरवाचा सार्वकालिक भार. आपण सांगितलेला वजनाचा अर्थ तिथे आहेच, पण दुःख त्या पारड्यात नाही, समोरच्या पारड्यात आहे. माझ्या बहिणीचे दुःख गौरव नव्हते. ते दुःख होते आणि ते संपायला हवे होते.

दीपस्तंभ

पायवाट यांच्या लिखाणानंतर माझा मुद्दा मला पुन्हा, अधिक स्पष्टपणे मांडावासा वाटतो. योहानाच्या १७व्या अध्यायात येशू प्रार्थनेत म्हणतो, ‘हे पित्या, जग होण्यापूर्वी तुझ्याजवळ जे गौरव माझे होते त्याने आता माझे गौरव कर’. जग होण्यापूर्वी क्रूस नव्हता, पाप नव्हते, मरण नव्हते. तरीही गौरव होते. मग क्रूस हीच गौरवाची व्याख्या कशी होईल?

ओंजळ

पायवाट, प्रथम आपल्याशी बोलतो. त्या खाटेपाशी जे सांगितले गेले ते चूक होते, आणि माझ्या पहिल्या लेखनात त्या चुकीला वाट मिळेल अशी मोकळीक राहिली होती. दुःखाला गौरव म्हणू नये, हे मी स्वीकारतो. गंमत नव्हे, खेद वाटतो की, लूथरने त्याच वादसभेत म्हटले होते, क्रूसाचा धर्मशास्त्री वस्तूला तिच्या खऱ्या नावाने हाक मारतो, आणि ते वाक्य माझ्याच मांडणीविरुद्ध वापरावे लागत आहे. आपण त्या दुःखाला दुःख म्हटले, तेच बरोबर होते.

दीपस्तंभ, १७:५ हे वचन मी टाळले होते, हे कबूल करतो. त्याचे उत्तर मला त्याच प्रार्थनेत १७:२४ मध्ये सापडते: ‘माझे गौरव त्यांनी पाहावे, जे तू मला दिले आहेस, कारण जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस’. म्हणजे जग होण्यापूर्वीचे ते गौरव काय होते तर पित्याने पुत्रावर केलेली प्रीती. जिथे पाप नाही तिथे त्या प्रीतीला जखम होत नाही. पापाच्या जगात ती आली तेव्हा तिला क्रूस सोसावा लागला. म्हणून माझे मूळ विधान मी असे बदलतो: क्रूस म्हणजे गौरव नव्हे, पण ते गौरव कशाचे बनलेले आहे हे क्रूसावाचून आपल्याला कळले नसते. खाटेपाशी त्याचे नाते जोडायचेच असेल, तर ते बहिणीच्या यातनांशी नव्हे, थेंब थेंब पाणी देणाऱ्या आपल्या हाताशी जोडावे असे मला वाटते.

पायवाट

हात माझा एकटीचा नव्हता, आईचाही होता. पण आपण म्हणता ते मी नाकारत नाही. फक्त एक अट घालते: हे वाक्य चमचा धरणाऱ्याने स्वतःहून उच्चारावे, दाराशी उभ्या असलेल्याने नाही.

दीपस्तंभ

आपली बदललेली मांडणी माझ्या बरीच जवळ आली आहे. अंतर उरते ते दर्शनाविषयी. १७:२४ मध्येही क्रियापद ‘पाहावे’ असेच आहे. बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरण या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात नव्या यरुशलेम नगरीला सूर्याचंद्राची गरज नाही, देवाच्या तेजाने ती उजळली आहे आणि कोकरा, म्हणजे ख्रिस्त, तिचा दिवा आहे. तो कोकरा ५व्या अध्यायात ‘जणू वधलेला’ असा उभा दिसतो, म्हणजे दिव्यावर घाव आहेत, हे आपल्या बाजूने मोजा. त्या नगरीत त्याचे दास ‘त्याचे मुख पाहतील’ असे शेवटच्या अध्यायात लिहिले आहे. खडकाच्या कपारीत मोशेला नाकारले गेले ते हेच मुख, आणि ते समजण्याची नव्हे, पाहण्याची गोष्ट आहे, यावर मी ठाम आहे.