टीएस-९, एसडी-१ की बीडी-२? सिंगल-कॉइल गिटार आणि ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पसाठी एकच ओव्हरड्राइव्ह घ्यायचाय

सहावी_तार
नमस्कार मंडळी. स्ट्रॅट धाटणीची गिटार आहे, तिन्ही पिकअप (तारांची कंपनं पकडणारे भाग) सिंगल-कॉइल, म्हणजे एकेरी गुंडाळीचे. अ‍ॅम्प २० वॉटचा ट्रान्झिस्टर. क्लीन चॅनल चांगला आहे, त्याचं स्वतःचं डिस्टॉर्शन वापरण्याजोगं नाही. बँडमध्ये आणखी एक गिटार, बास आणि ड्रम्स. आयबानेझ टीएस-९, बॉस एसडी-१ आणि बॉस बीडी-२ या ओव्हरड्राइव्ह पेडलपैकी (गिटारचा आवाज फाटका करणाऱ्या पायाच्या पेट्या) एकच घेता येईल. व्हिडिओंत पहिले दोन मला सारखेच ऐकू येतात, किमतीत मात्र एसडी-१ बराच स्वस्त पडतो. जास्तीचे पैसे नेमके कशाचे? आणि घरी ऑडिओ इंटरफेसवरही तेच पेडल चालेल का?

सोल्डरगन
सारखे ऐकू येतात कारण आतून ते बरेचसे सारखेच आहेत. दोन्हींत क्लिपिंगचे (लहरीची टोकं कापून आवाज फाडणारे) सिलिकॉन डायोड ऑप-अ‍ॅम्पच्या (सिग्नल वाढवणारी चिप) फीडबॅकमध्ये आहेत, आणि त्याच टप्प्यावर ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ही जोडी आहे. या जोडीमुळे साधारण ७२० हर्ट्झच्या खाली गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) उतरत जातो. लोक म्हणतात ‘बास कापतो’, पण तसं नाही. खालचा (कमी हर्ट्झचा) भाग जवळपास आहे तेवढाच पुढे जातो आणि मधला भाग कित्येक पट वाढून डायोडवर जातो. म्हणून जाड तारांवर पॉवर कॉर्ड मारली तरी गिचका होत नाही.

फरक दोन ठिकाणी. टीएसमध्ये दोन्ही बाजूंना एकेक डायोड आहे. एसडी-१ मध्ये एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक, म्हणजे लहरीचा वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या उंचीवर कापला जातो. त्यातून सम हार्मोनिक्स (मूळ स्वराच्या दुप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर) येतात आणि आवाज थोडा मोकळा, खरखरीत लागतो. दुसरं म्हणजे ड्राइव्हचा (फाटकेपणाचा) पॉट, म्हणजे नॉबमागचा बदलता रेझिस्टर: टीएसमध्ये ५०० किलोओहम, एसडी-१ मध्ये १ मेगओहम. सोबतचे रेझिस्टर धरून हिशेब केला तर टीएसचा गेन साधारण १२ ते ११८ पट आणि एसडी-१ चा ८ ते २२० पट निघतो. म्हणजे ड्राइव्ह शून्यावर असताना एसडी-१ जास्त स्वच्छ, आणि पूर्ण उघडला की जास्त फाटका. त्याचा टोन मात्र मध्याच्या पुढे नेलात की ब्रिज पिकअपवर कानाला टोचतो.

बीडी-२ चं कुळच वेगळं. त्यात गेनचे टप्पे सुट्या ट्रान्झिस्टरचे आहेत आणि ती ७२० हर्ट्झची गाळणी नाही. खालपासून वरपर्यंत सगळंच येतं. हलक्या हाताने वाजवलं तर जवळपास क्लीन, जोरात मारलं तर फुटतं. गेन दोन तृतीयांशाच्या पुढे गेला की मात्र फझकडे (अगदी दाट, खरखरीत फाटण्याकडे) झुकतो आणि नेक पिकअपवर खालची बाजू सैल पडते.

टीएस-९ आणि टीएस-८०८ (त्याचाच जुना अवतार) च्या वादात अजिबात पडू नका. मूळ सर्किटमध्ये फरक आउटपुटच्या दोन रेझिस्टरचा आहे.

मंद्रसप्तक
वरचं सगळं बरोबर, पण निवड करताना पेडलच्या पुढे काय जोडलंय ते आधी बघायला हवं. टीएस आणि एसडी-१ ची जी ख्याती आहे ती ट्यूब (व्हॉल्व्हच्या) अ‍ॅम्पला धक्का देण्याची: ड्राइव्ह जवळपास शून्य, लेव्हल (पेडलमधून बाहेर पडणारा आवाज) भरपूर, आणि फाटण्याचं काम ट्यूबने करायचं. तुमच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पच्या क्लीन चॅनलला असा धक्का दिलात तर एका मर्यादेपर्यंत काहीच होत नाही, फक्त आवाज वाढतो. मर्यादा ओलांडली की इनपुट एकदम कडक, कोरडं फाटतं. तेव्हा तुमच्याकडे सगळा रंग पेडललाच द्यावा लागणार.

माझं मत: बँडमध्ये सोलो आणि रिफ वाजवायचे असतील तर एसडी-१ घ्या. मधला भाग पुढे येतो, बास आणि बास ड्रमच्या वाटेत येत नाही. घरी एकट्याने वाजवताना तोच आवाज नाकातून आल्यासारखा वाटेल. त्यावरून पेडल वाईट ठरवू नका. पूर्ण कॉर्ड, अर्पेजिओ आणि गिटारच्या व्हॉल्यूम नॉबवरून क्लीन-क्रंच (स्वच्छ ते हलकं फाटकं) करणं हेच तुमचं मुख्य काम असेल तर बीडी-२. टीएस-९ साठी जास्तीचे पैसे मी या अ‍ॅम्पवर घालणार नाही.

दुकानात तुलना करताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा. पेडल बंद ठेवून एक कॉर्ड मारा, मग चालू करून लेव्हल अशी लावा की आवाज तेवढाच राहील. प्रत्येक पेडलला हे वेगळं करा, कारण नॉबचा काटा सारखा ठेवला म्हणजे मोठेपणा सारखा होत नाही आणि जे मोठं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं. नॉबची खूण घड्याळाचा काटा समजून ड्राइव्ह ९ वाजता, मग १२, मग ३ ला ठेवून ऐका. दर वेळी गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ६ वर आणा. आवाज किती साफ होतो त्यातच तिघांचा खरा फरक कळतो. आणि शक्य असेल तर स्वतःची गिटार न्या. दुकानातल्या हंबकरवर (दुहेरी गुंडाळीचा पिकअप) बीडी-२ जाड लागेल, तुमच्या सिंगल-कॉइलवर तसा लागणार नाही.

सहावी_तार
हे फार कामाचं आहे, आभार. पेडलला पॉवर कशी द्यावी? घरात राउटरचा ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर पडून आहे.

सोल्डरगन
तो लावू नका! राउटरच्या पिनमध्ये सहसा मधलं टोक पॉझिटिव्ह असतं. या तिन्ही पेडलना ९ व्होल्ट डीसी आणि मधलं टोक निगेटिव्ह लागतं. उलट दिलं तर आतला संरक्षक डायोड किंवा त्याच्या मागचं काहीतरी जळू शकतं. अ‍ॅडॉप्टरवर छोटं चित्र छापलेलं असतं, त्यात मधल्या ठिपक्याकडे जाणारी रेघ ‘वजा’ चिन्हाची हवी. करंटची चिंता नको, ही पेडल फार थोडे मिलिअ‍ॅम्प घेतात. बॅटरीवर वाजवलंत तर काम झाल्यावर इनपुटची केबल काढा, कारण बॅटरीचा स्विच त्या जॅकमध्येच आहे. केबल तशीच राहिली तर पेडल बंद असूनही बॅटरी उतरते. पावसाळ्यात पेडल महिनाभर पडून राहणार असेल तर बॅटरीच काढून ठेवा.

गुरगुर आली तर आधी बॅटरीवर लावून बघा. थांबली तर दोष अ‍ॅडॉप्टरचा. तशीच राहिली आणि तारांना हात लावल्यावर कमी झाली तर सॉकेटचं अर्थिंग तपासा. जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असूनही आत अर्थची वायर नसते. सिंगल-कॉइलची स्वतःची थोडी गुणगुण राहणारच, आणि ड्राइव्ह वाढवला की तीही वाढणार.

मंद्रसप्तक
इंटरफेसबद्दल राहिलं. गिटार, पेडल, मग इंटरफेसचं इन्स्ट्रुमेंट इनपुट. इनपुटचा गेन शून्यापासून वाढवा आणि पेडल चालू असताना, सगळ्यात जोरात वाजवून, मीटर लाल होत नाही ना ते पाहा. पेडलची लेव्हल पूर्ण उघडी असेल तर इनपुट लगेच क्लिप होतं. सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅम्प आणि कॅबिनेटचा आयआर (स्पीकरच्या पेटीच्या आवाजाची नोंदलेली छाप) लावाच. गिटारच्या स्पीकरमधून ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर येत नाही. आयआर नसेल तर तो सगळा भाग हेडफोनवर थेट येतो आणि कुठलंही ओव्हरड्राइव्ह माशी घोंगावल्यासारखं लागतं. इथे ट्यूब अ‍ॅम्पचं चांगलं मॉडेल वापरलंत तर एसडी-१ मूळ पद्धतीने चालवता येईल: ड्राइव्ह ८ वाजता, लेव्हल ३ ला, टोन ११ ला, आणि मॉडेलचा गेन जेमतेम फुटेल इतकाच.