मदत हवी आहे : स्पॉकच्या पायातलं इलॅस्टिक तुटलंय

नमस्कार मंडळी. मी नाशिकला, इंदिरानगरात राहतो. 'स्टार ट्रेक' या अमेरिकी अंतराळकथांच्या टीव्ही मालिकेच्या, म्हणजे मूळ मालिकेच्या (१९६६ ते ६९), बाहुल्या जमवतो. माझ्याकडे मेगो कंपनीचा १९७४ सालचा आठ इंची स्पॉक (मालिकेतलं एक पात्र) आहे. कापडी गणवेश, कमरेला पट्टा, सगळं शाबूत. पण मेगोच्या बाहुल्यांचे हातपाय आतल्या इलॅस्टिकने जोडलेले असतात, आणि ते आता कुजलंय. परवा कपाट आवरताना हात लावला आणि उजवा पाय गळूनच पडला. फार वाईट वाटलं.

रविवार कारंजावर शिवणसामानाच्या दुकानात गोल इलॅस्टिक मिळालं, पण किती जाडीचं घ्यायचं कळेना. जास्त ताण दिला तर पन्नास वर्षांचं प्लास्टिक तडकेल अशी धास्ती वाटते. कुणी स्वतः हे ओवलंय का? नाशकात जुनी खेळणी हळुवार हातांनी दुरुस्त करणारं कुणी आहे का? पुण्या-मुंबईला कुरिअरने पाठवायचा धीर होत नाही.

आणखी एक, निळ्या शर्टावर पिवळट डाग आहे. रंग न उतरता तो कसा काढावा? तोवर शर्ट धुणार नाही.