इंग्रजी शब्दांनी केलेले घोळ: तुमचा कुठला?

सांजवात:
लेक स्पर्धा परीक्षेचे इंग्रजी शब्द पाठ करतेय. आत्ता तिनं 'एक्सपेडाइट' विचारला आणि मला जुनी धडकी भरली. नोकरीला लागून महिना झालेला. साहेबांनी एका फायलीवर लाल शाईनं हाच शब्द लिहिला. आमचं इंग्रजी पाचवीपासूनचं, त्यात साहेबांचं अक्षर! मी वाचलं 'एक्स्पायर्ड' आणि फाइल जुन्या कपाटात टाकली. तीन आठवड्यांनी बोलावणं आलं. तेव्हा अर्थ कळला, 'लवकर निकाली काढा'. निकाली तर मी काढलीच होती की! येऊ द्या तुमचेही. वाढ, वेग, ओळख, कसलाही शब्द चालेल.

एसटीवाला:
हा हा! पुढे फायलीचं काय झालं ते सांगा आधी.

जुनी_पाटी:
'एक्सपेडाइट'मध्ये लॅटिनमधला पाय आहे, आपल्या 'पद'चा चुलतभाऊ. अडकलेला पाय मोकळा करणं हा मूळ अर्थ. 'इम्पीड' म्हणजे तोच पाय अडकवणं. तुम्ही इम्पीड केलंत.

काठपदर:
साडीच्या दुकानात सासूबाई. दुकानदार म्हणे, 'फास्ट कलर आहे, काकू.' त्या ताडकन उठल्या, 'फास्ट जाणारा रंग घेऊन काय करू?' बिचारा हात जोडून पक्का, पक्का म्हणत होता. फास्टचा आधीचा अर्थ घट्ट, पक्का असाच होता म्हणे, वेग नंतर आला. मला तरी कुठं माहीत होतं!

रानवारा:
आईच्या सोनोग्राफीत 'ग्रोथ' लिहिलेलं. बाबा वाचून म्हणाले, वाढ आहे, म्हणजे तब्येत सुधारतेय. मी गप्प बसलो. दोन रात्री घरात मला एकट्यालाच माहीत होतं. गाठ साधी निघाली. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

सांजवात:
वाचून गलबललं रे. आई बऱ्या आहेत ना आता?

रानवारा:
ठणठणीत. आत्ता बाबांशी भांडतेय.

खडू_फळा:
सातवीच्या पेपरात 'रेकग्नाइज'चं, म्हणजे ओळखण्याचं, वाक्य भाषांतराला दिलेलं. एकाचं उत्तर: 'त्याने मित्रास मान्यता दिली नाही.' शाळेच्या पाटीवरचं 'शासनमान्य' रोज वाचतो ना! अर्धा मार्क दिला.

मधली_सुट्टी:
फास्टवरून आठवलं, आज संकष्टी. चंद्र किती वाजता? पोरगं मघाशी 'वॅक्सिंग मून' म्हणालं, म्हटलं चंद्राला कशाला पार्लर!

जुनी_पाटी:
वॅक्स म्हणजे वाढणं. तो शुद्ध पक्षातला. संकष्टीचा वेनिंग, म्हणजे कमी होत जाणारा.

मधली_सुट्टी:
हो, पण उगवतो कधी? मोदक गार होतायत.

एसटीवाला:
आमच्याकडे नुसते ढग. आणि ते फायलीचं राहिलंच!